शिआनमध्ये खायचं कुठे यापेक्षा कधी: शाकाहारी आईसोबतच्या तीन दिवसांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शरद ऋतूत तुम्ही आणि तुमची 62 वर्षांची आई तीन दिवस चीनमधल्या शिआनला जाणार आहात. तुम्ही मटण-चिकन खाता, बीफ आणि पोर्क नको. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, वर गुडघ्यांचा त्रास. मातीचे सैनिक आणि पॅगोडा ठरलेलेच आहेत. तुम्हाला विचारायचंय ते खाण्याबद्दल. मुस्लिम स्ट्रीट म्हणजे पर्यटकांना लुटायची जागा आहे का, आणि असेल तर शिआनकरांचा खरा बाजार कुठे भरतो?

मी शिआनमध्ये भाषा शिकायला राहिले होते. आता महाराष्ट्रातून छोटे गट घेऊन तिकडे जाते. गटात निम्मी माणसं शाकाहारी असतातच, त्यामुळे तुमची अडचण माझ्या चांगल्याच ओळखीची आहे. ती अडचण ‘खरा बाजार कुठे’ ही नाहीच. एका टेबलावर दोन वेगळी ताटं मांडायची आहेत आणि हातात फक्त दोन-तीन सकाळी आहेत, ही आहे. सकाळी म्हणते, कारण शिआनच्या खाण्यातलं पुष्कळसं नऊ वाजायच्या आत संपतं.

आधी दोन गोष्टी आईला विचारून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. एक, कांदा-लसूण चालतो का? दोन, ज्या चिमट्याने शेजारच्याला मांस वाढलं त्याच चिमट्याने आपल्या वाटीत काकडी आली तर चालेल का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर मार्ग निघतो, तो खाली सांगते. दुसऱ्याचं उत्तर ठाम ‘नाही’ असेल तर रस्त्यावरच्या तिखट पदार्थांवर सरळ फुली मारा आणि आईसाठी गोड पदार्थ, फळं आणि बौद्ध पद्धतीची शाकाहारी हॉटेलं एवढंच धरा. पुढचं मी ‘चिमटा चालेल’ असं गृहीत धरून लिहितेय.

आता जागा. तटाच्या आतलं जुनं शिआन चौकोनी आहे. तट मिंग राजवटीच्या काळातला, त्याची फेरी 13.7 किलोमीटरची. मधोमध घंटाघर, 1384 चं. त्याच्या पश्चिमेला थोडं पुढे नगारखाना, 1380 चा. नगारखान्याच्या कमानीखालून उत्तरेला बाहेर पडलात की बेइयुआनमेन हा रस्ता लागतो. सगळ्या व्हिडिओंमध्ये दिसते ती मुस्लिम स्ट्रीट हीच, जेमतेम अर्धा किलोमीटर. पण हुई, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुस्लिमांची वस्ती या एका रस्त्यापुरती नाही. तिथून पश्चिमेला शीयांगशी आणि दापीयुआन या गल्ल्या फुटतात, ह्वाच्युए गल्लीत मोठी मशीद आहे, आणि आणखी पश्चिमेला गेलं की दामायशी आणि साजिनछ्याओ हे रस्ते येतात. मशिदीची स्थापना परंपरेने 742 सालची मानतात, आज दिसतात त्या इमारती मुख्यतः मिंग आणि छिंग काळातल्या. घुमट नाही, मिनार नाही, चिनी देवळासारखी एकामागून एक अंगणं आणि कौलारू छपरं. वाटेत आहे म्हणून नक्की बघा. अंगणात फिरता येतं, नमाजाच्या दालनात बिगरमुस्लिमांना प्रवेश नसतो.

बेइयुआनमेनवर लूट होते का? लूट म्हणणार नाही. पण तिथलं भाडं बघा आणि गिऱ्हाईक बघा. आलेला माणूस आयुष्यात पुन्हा येणार नाही हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं. त्यामुळे लांबून दिसेल, पटकन हातात देता येईल आणि फोटोत छान येईल असा माल तिथे पुढे येतो. लाल विलोच्या फांदीवर खोचलेले मटणाचे हातभर लांब तुकडे ही शिनच्यांगकडची पद्धत, अख्खे स्क्विड समुद्रकाठचे, वास मारणारं काळं टोफू हूनानचं. यातलं शिआनचं काहीच नाही. दोन माणसं लाकडी हातोड्यांनी शेंगदाण्याची साखर कुटतात तो तमाशा मात्र बघायला मजा येते. साजिनछ्याओवर उलटं आहे. तिथलं गिऱ्हाईक शेजारच्या इमारतीत राहतं आणि उद्या सकाळी परत येणार असतं. त्याला कालच्यापेक्षा आज आमटी पातळ लागली तर तो तोंडावर सांगतो. एवढ्या एका फरकाने स्वयंपाक बदलतो.

तरीही ‘बेइयुआनमेन टाळा, साजिनछ्याओला जा’ एवढं सांगून मी थांबणार नाही. नेटवर सगळे तेच सांगतात आणि त्यामुळे साजिनछ्याओवरही आता सुट्टीच्या दिवशी रांगा लागतात. शिवाय दुपारी चार वाजता तिथे गेलात तर अर्ध्या दुकानांचे पत्रे ओढलेले असतील आणि तुम्ही म्हणाल, यासाठी एवढं चालवलं? माझ्या कामात मला पक्कं कळलेलं आहे ते हे: शिआनमध्ये प्रत्येक पदार्थाला त्याची वेळ आहे आणि ती वेळ गाठली की गल्ली कुठलीही असो, बहुतेकदा चांगलं मिळतं. सवय जुनी आहे म्हणा हवं तर. हे शहर थांग राजवटीत छांगआन होतं, तेव्हाच्या पश्चिम बाजारात इराण आणि मध्य आशियाचे व्यापारी माल घेऊन येत. तो बाजार दुपारी 300 नगाऱ्यांच्या ठोक्यांनी उघडे आणि सूर्यास्ताच्या आधी 300 घणघणाटांनी बंद होई. त्या बाजाराची जागा आजच्या तटाच्या बाहेर नैर्ऋत्येला आहे. तिथे आता संग्रहालय आहे.

सकाळपासून सुरू करू.

सात ते नऊ ही वेळ हूलातांग आणि झंगगाओची. हूलातांग म्हणजे मिरपुडीचं दाट, गुळगुळीत सूप. शिआनच्या हुई पद्धतीत त्यात कोबी, बटाटा, गाजर आणि बीफचे छोटे गोळे असतात, आणि सूपच गुरांच्या हाडांचं. म्हणजे तुम्हा दोघांनाही नाही. हे आधीच सांगते, कारण सकाळी त्या मोठ्या पातेल्यांतून वाफ येत असते, वरून सगळ्या भाज्याच दिसतात आणि माझ्या गटातल्या कुणीतरी वाटी हातात घेतलेलीच असते. झंगगाओ मात्र आईचा. चिकट तांदूळ, लाल खजुरासारखी चिनी बोरं आणि राजम्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे यांचे थर खोल भांड्यात रचून रात्रभर वाफेवर शिजवतात. सकाळी हातगाडीवर ते गरम भांडं उघडतं आणि विक्रेता पात्यासारख्या पळीने कडेकडेने कापून देतो. बोरांचा रंग आणि गोडी भातात उतरलेली असते, वरून साखर घालावी लागत नाही. प्राणिज काही नाही. दहाच्या पुढे गेलात तर तळाचं कोरडं मिळेल किंवा गाडीच नसेल.

याच वेळी एक सापळा आहे: योछा. पीठ भाजून केलेली दाट पेज, त्यात अक्रोड-तीळ-शेंगदाणे, आणि कुरकुरीत तळलेल्या पिठाच्या वळ्या. दिसायला इतकं सात्त्विक की शाकाहारी माणूस डोळे झाकून घेतो. पण हुई पद्धतीत ते पीठ पुष्कळ ठिकाणी बीफच्या चरबीत भाजतात. आईला ते देऊ नका. त्याऐवजी सोयाबीनचं गरम दूध (दौज्यांग) आणि योत्याओ, म्हणजे तळलेल्या आंबवलेल्या पिठाच्या लांब काड्या, घ्या. हे शहरात सगळीकडे मिळतं.

दुपारचा पदार्थ यांगरौ पाओमो. तुमचा इथे एकदा तरी नीट बसण्याचा हक्क आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते. यात मटणाच्या सूपमध्ये पावाचे तुकडे शिजतात, आणि ते तुकडे तुम्ही स्वतः करायचे असतात. तुम्हाला रिकामा वाडगा आणि थुओथुओमो नावाचे कडक गोल पाव मिळतात. त्यांच्या पिठात नऊ भाग बिनआंबवलेलं आणि एक भाग आंबवलेलं असं जुनं प्रमाण सांगतात. म्हणूनच ते उकळत्या सूपमध्ये विरघळत नाहीत. तुकडे सोयाबीनच्या दाण्याएवढे करायचे. मोठे ठेवलेत तर आत सूप शिरत नाही आणि मध्ये कोरडं पीठ राहतं. हाताला वीस मिनिटं लागतात, कंटाळा करू नका. यंत्राने कापून देऊ का असं विचारतात, त्याला नाही म्हणा. हाताने मोडलेल्या तुकड्याची कड खडबडीत असते आणि ती रस धरते. मग वाडगा नंबरासह आत जातो आणि स्वयंपाकी एकेक वाडगा वेगळा कढईत घेतो. तुमच्याच तुकड्यांचा वाडगा तुमच्याकडे परत येतो. सूप किती हवं हेही सांगायचं असतं: जवळजवळ कोरडं, शेवटी एक घोट उरेल इतकं, की तुकड्यांभोवती तळं होईल इतकं. पहिल्यांदा खाणाऱ्याने मधलं घ्यावं, त्याला ‘खौतांग’ म्हणतात. वाडगा आला की ढवळू नका, कडेने खात आत जा. मधलं गरम राहतं आणि चव फुटत नाही. सोबत गोडसर मुरवलेला लसूण आणि मिरचीची चटणी येते. एका माणसाला एक पाव पुरतो. शिआनचे पुरुष दोन घेतात, त्यांच्या नादाला लागू नका.

बीफची काळजी इथे घ्यायची. मराठी माणूस ‘मुस्लिम वस्ती’ ऐकतो आणि मटण-चिकन एवढंच डोक्यात आणतो. शिआनच्या हुई वस्तीत बीफ मटणाच्या बरोबरीने, कधी जास्तच चालतं. भरलेल्या पावात (रौज्यामो) तिथे बहुतेकदा खारवलेलं बीफ असतं, सूपवाल्या बाओझीत (वाफवलेल्या, सारण भरलेल्या गोळ्यांत) बीफ हा नेहमीचा प्रकार आहे. पाओमोसुद्धा बीफचा आणि मटणाचा असा दोन्ही मिळतो, आणि अनेक स्वयंपाकघरांत मूळ सूपच दोन्ही हाडांचं मिळून केलेलं असतं. तुमचं ‘बीफ नको’ हे तुकड्यांपुरतं आहे की सूपलाही लागू, हे तुम्हीच ठरवा. सूपलाही असेल तर आधी विचारा आणि उत्तर गोलमाल वाटलं तर पाओमो सोडून मटणाच्या काड्या घ्या. त्या निखाऱ्यावर भाजताना जिरं-मिरचीची पूड मारतात, घरचा वास येतो. कानाला तीन शब्दांची सवय लावून ठेवा: यांगरौ मटण, न्योरौ बीफ, जूरौ पोर्क. वस्तीच्या बाहेर नुसतं ‘रौ’ म्हटलं की पोर्क समजायचं.

आणि आई? पाओमोच्या दुकानात ती उपाशी बसू नये म्हणून क्रम उलटा लावा. आधी तिचं ल्यांगपी, मग तुमचं पाओमो.

ल्यांगपीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तीन दिवस आईचा मुख्य आधार तेच आहे. कणीक मळून पाण्यात धुतात, स्टार्च पाण्यात उतरतं. ते पाणी ठेवून खाली बसलेला साका ताटलीत पातळ ओतून वाफवला की मऊ, पारदर्शक पोळी तयार होते. धुतल्यावर हातात उरतं ते ग्लूटेन, तेही वाफवून स्पंजसारख्या फोडी करतात आणि वरून घालतात. पोळी थंड करून पट्ट्या कापायच्या, मग काकडी, मूग मोडाचे कोंब, मीठ, लसणाचं पाणी, काळं व्हिनेगर आणि मिरचीचं तेल. हुई दुकानांत तिळाची पेस्टही घालतात, ती दाट आणि जरा कडवट. शहराबाहेरच्या छिनजन गावाच्या पद्धतीचं ल्यांगपी तांदळाचं असतं, ते जास्त लाल आणि जास्त तिखट. मिसळीच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला ते मिरचीचं तेल बघूनच बरं वाटतं, पण त्यात तिखटपणापेक्षा भाजलेल्या मिरचीचा वास जास्त. रंगाला घाबरू नका. तेल या भागात बहुतेकदा रेपसीडचं, म्हणजे आपल्या मोहरीच्या नात्यातलं, असतं. मांसाचा त्यात संबंध नसतो. लसूण नको असेल तर तो वेगळ्या भांड्यातून पाण्यासारखा घालतात, त्यामुळे सहज वगळता येतो. ल्यांगपी अकराच्या पुढे चांगलं मिळतं, सकाळच्या पोळ्या ताज्या असतात तेव्हा. सोबत बिंगफंग नावाचं स्थानिक नारंगी सोडा काचेच्या बाटलीतून पितात. ल्यांगपी, भरलेला पाव आणि बिंगफंग हे शिआनकरांचं ठरलेलं त्रिकूट आहे.

त्या त्रिकुटातल्या भरलेल्या पावाचा शाकाहारी भाऊ त्साय-ज्यामो. कॉलेजांच्या आसपास आणि साध्या वस्त्यांत गाडीवर मिळतो. पाव मधून चिरून त्यात परतलेला बटाट्याचा कीस, मिरची, गाजर, तळलेलं टोफू आणि मिरची-पेस्ट भरतात. ‘अंडं घालू का?’ हा त्याचा ठरलेला प्रश्न असतो, हात हलवून नाही म्हणा. त्याच तव्यावर सॉसेजही असू शकतं, तेवढं बघून घ्या.

संध्याकाळी बेइयुआनमेनला खुशाल जा. दिवे बघायला, गर्दी बघायला, जिंगगाओ खायला. लाकडी छोट्या साच्यात तांदळाचं पीठ वाफवून काडीवर काढतात आणि गुलाबाच्या मुरंब्यात, तिळात, साखरेत घोळवून देतात. तळहातापेक्षा लहान असतो, आईने दोन खाल्ले तरी पोट भरत नाही. हिरव्या मुगाच्या वड्याही तिथल्या चांगल्या. स्वानमेइतांग हे धुरावर वाळवलेल्या आंबट आलुबुखारांचं, खडीसाखर आणि ओसमँथसच्या फुलांचं गार सरबत तेलकट खाण्यावर उतारा आहे. पर्सिमॉन या फळाच्या तळलेल्या गोड वड्यांबद्दल मात्र सावध राहा. शिआनजवळच्या लिनथोंगचं लालभडक पर्सिमॉन पिठात मळून, आत अक्रोड-साखर-ओसमँथस भरून तळतात. पदार्थ उत्तम आहे, पण जुन्या पद्धतीत सारणात जनावराची चरबी घालतात. विचारल्याशिवाय आईला देऊ नका. ऑक्टोबर असेल तर ताजं पर्सिमॉन आणि लिनथोंगचंच डाळिंब हातात घेऊन खाणं जास्त सोपं.

आता विचारायचं कसं. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर स्वयंपाकी मनापासून मांसाचे तुकडे काढून टाकतो आणि हाडांच्या सूपमध्ये नूडल्स तशाच देतो. त्याच्या हिशेबाने त्याने तुमचं ऐकलेलं असतं. म्हणून मी प्रत्येक शाकाहारी पाहुण्याला एक छापील चिठ्ठी देते. तिच्यात एकेक वस्तू नाव घेऊन लिहिलेली असते: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, अंडं, हाडांचं सूप, प्राण्यांची चरबी, ऑयस्टर सॉस. तुम्ही हे भाषांतराच्या ॲपमधून चिनी करून घ्या, हॉटेलच्या रिसेप्शनवर एकदा वाचायला द्या आणि मग छापा. फोन पुढे केला की लोक गडबडीत अर्धंच वाचतात, कागद मात्र हातात घेऊन शेवटपर्यंत वाचतात. तोंडाने म्हणायला ‘वो मामा छर सू’ पुरे, माझी आई शाकाहारी आहे. कांदा-लसूणही नको असेल तर बौद्ध शाकाहाराचा उल्लेख करा. चिनी बौद्ध परंपरेत लसूण आणि कांद्यासारख्या पाच उग्र वस्तू वर्ज्य आहेत, त्यामुळे ‘बौद्ध भिक्षूंसारखं’ म्हटलं की जे जैन किंवा वारकरी म्हणून सांगून समजलं नसतं ते लगेच समजतं. देवळांच्या आसपास अशी ‘सूशर’ हॉटेलं असतात. तिथे मांसासारखे दिसणारे पदार्थ टोफू, ग्लूटेन आणि आळंब्यांचे असतात. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर ताट बघूनच ती मागे सरकेल.

दुकान निवडायची माझी पद्धत साधी आहे. भिंतीवर दोन-तीनच पदार्थ लिहिलेले, दर लिहिलेले, बसलेल्यांमध्ये म्हातारी माणसं, कुणीही बाहेर उभं राहून हाक मारत नाही: आत जा. चार सलग दुकानांत तोच माल, तोच ध्वनिक्षेपक आणि चव बघायला तेच चमचे असतील तर पुढे चला. मिठाई, सुकामेवा, बोरं घेताना दर कशाचा लिहिलाय ते बघा. तिथे व्यवहार जिनमध्ये होतो, 1 जिन म्हणजे 500 ग्रॅम. पण पर्यटकांच्या रस्त्यावर कधी कधी मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा 50 ग्रॅमचा असतो. वजन करण्याआधी बोटाने दाखवून ‘एक जिन किती?’ विचारा. कापून पिशवीत भरल्यावर वाद घालता येत नाही. अंदाजासाठी: ल्यांगपी दहाएक युआनच्या आसपास, पाओमो साधारण तीस ते चाळीस. यापेक्षा फार जास्त सांगत असतील तर तुम्ही चुकीच्या दारात आहात.

पैसे फोनवरून द्यावे लागतील. अलीपे किंवा वीचॅट या चिनी ॲपमध्ये आता परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. हे घरूनच करून या आणि बँकेला सांगून कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून घ्या. अलीपेवर 200 युआनच्या वरच्या एका व्यवहाराला 3 टक्के शुल्क लागतं, खाण्यापिण्यात तो आकडा येत नाही. थोडी रोख जवळ ठेवा, सुट्ट्या नोटाच.

हुई दुकानात जाताना दोन गोष्टी पाळायच्या. बाहेरून घेतलेलं पोर्क किंवा बिअर हातात घेऊन आत शिरू नका. आणि मटण तोडणाऱ्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ती दुकानं आहेत, तशीच घरंही आहेत, वरच्या मजल्यावर कुटुंब राहतं.

गुडघ्यांचं. कुणी लिहित नाही, पण तीन दिवसांत सगळ्यात जास्त नडतं ते हेच. साजिनछ्याओच्या छोट्या दुकानांत बसायला पावलाएवढी उंच स्टुलं असतात, उठताना आईचे हाल होतील. टेबल-खुर्ची दिसेल ते दुकान निवडा, किंवा पदार्थ बांधून घ्या आणि बाकावर बसा. रस्त्यावरची सार्वजनिक स्वच्छतागृहं भरपूर आहेत पण बहुतेक उकिडवं बसायची, आणि टिश्यू स्वतःचा लागतो. कमोड हवा असेल तर घंटाघराजवळच्या मॉलमध्ये जा. आणि साजिनछ्याओवर वाहनं बंद नसतात. विजेच्या स्कूटी आवाज न करता मागून येतात, आईला दुकानांच्या बाजूने चालवा.

पोटासाठी: पहिल्या दिवशी मिरचीचं तेल अर्धं सांगा. नळाचं पाणी प्यायचं नाही, पण गरम पाणी कुठेही मागितलं की मिळतं. नूडल्सच्या दुकानात नूडल्स उकळलेलं पाणी वाडग्यातून देतात, म्येनतांग. विचित्र वाटलं तरी आईला ते द्या, जड जेवणावर ते खरंच हलकं वाटतं.

बेत असा करा. पहिल्या दिवशी पोहोचल्यावर संध्याकाळी फक्त बेइयुआनमेन, गोड आणि सरबत, जास्त काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मेट्रोच्या 1 क्रमांकाच्या मार्गाने साजिनछ्याओ स्थानक, तिथून दक्षिणेला चालत झंगगाओ, दौज्यांग, मग मशीद. अकराला आईचं ल्यांगपी, बाराला तुमचं पाओमो. तो दिवस गुरुवार किंवा रविवार निघाला तर फारच छान, कारण त्या दोन दिवशी वस्तीच्या वायव्येला शीत्सांग गल्लीत जुना बाजार भरतो. पक्षी, रातकिड्यांचे पिंजरे, रोपं, जुनी भांडी, मधूनमधून खाणं. तिथे खरेदीपेक्षा म्हाताऱ्या लोकांच्या घासाघिशी ऐकण्यात मजा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजीबाजार बघायचा असेल तर तटाच्या आग्नेय कोपऱ्याकडे ज्येनगुओमेनचा जुना बाजार आहे. जुन्या कापड गिरणीच्या इमारतीत, आता वर कॅफे आणि चित्रं असली तरी खाली भाजी, पीठ, व्हिनेगर विकलं जातं आणि आसपासच्या बायका पिशव्या घेऊन येतात. आईला सगळ्यात जास्त हेच आवडेल असा माझा अंदाज आहे. आपल्या मंडईत रमणारी बाई तिथल्या पालेभाज्यांपुढे अर्धा तास काढते.

योंगशिंगफांग या खाऊगल्लीबद्दलही तुम्ही विचारलंय. प्रांतभरच्या तालुक्यांचे पदार्थ एका अंगणात आणलेत, स्वच्छ आहे, चालायला सोपं आहे. भाताची दारू पिऊन वाडगा जमिनीवर फोडायचा खेळ व्हिडिओंमुळे गाजला. वेळ उरला तर जा, न उरल्यास हळहळ नको. मोठ्या पॅगोड्याभोवतीच्या झगमगाटात खाण्यासाठी थांबू नका. पॅगोडा मात्र निवांत बघा. ह्यूएनत्संगाने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी तो 652 मध्ये बांधायला घेतला, आणि त्याच माणसाने त्याआधी पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्रातल्या लोकांचं वर्णन लिहून ठेवलं आहे.

राहता राहिल्या तारखा. तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तिकिटं अजून काढलेली नाहीत. 1 ते 7 ऑक्टोबर चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्या आठवड्यात बेइयुआनमेनवर पाय ठेवायला जागा नसते, हॉटेलांचे दर चढतात, आणि मी वर सांगितलेला एकही हिशेब लागू पडत नाही. दहा ऑक्टोबरच्या पुढचं बघा. डाळिंबं बाजारात असतात, पर्सिमॉन यायला लागतात, ऊन उतरलेलं असतं. हॉटेल साजिनछ्याओ किंवा घंटाघर स्थानकापासून दहा मिनिटांत चालत पोहोचता येईल असं घ्या, आणि लिफ्ट आहे का ते विचारून मगच पैसे भरा.